रास्टाट : ५१ दिवस बंद पडलेली मेन लाइन

१२ ऑगस्ट २०१७, शनिवार. जर्मनीच्या नैऋत्य भागात, रास्टाट शहराला लागून असलेल्या नीडरब्युल वस्तीजवळ सकाळी अकराच्या सुमारास रेल्वेचे रूळ काही मीटर लांबीत जवळजवळ अर्धा मीटर खाली बसले. खालची जमीनच सरकली होती. खडी ओघळली आणि रूळ मधोमध झोळीसारखे लोंबले. खाली बोगद्याचं काम चालू असल्यामुळे त्या पट्ट्यातल्या रुळांवर आधीपासून मोजणीची यंत्रं बसवलेली होती. त्यांनी हालचाल टिपली आणि गाड्या लगेच थांबवल्या गेल्या. आसपासच्या काही घरांतल्या लोकांना खबरदारी म्हणून बाहेर काढलं. कुणाला इजा झाली नाही, एकही डबा घसरला नाही.

माणसं दगावली नाहीत, त्यामुळे जगाच्या बातम्यांत या घटनेला फारशी जागा मिळाली नाही. पण त्या खड्ड्यामुळे युरोपातली सर्वांत महत्त्वाची उत्तर-दक्षिण मालवाहतूक लाइन २ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ५१ दिवस, पूर्ण बंद राहिली. पुढच्या वर्षी मालवाहतूक कंपन्यांच्या संघटनांनी करून घेतलेल्या अभ्यासात नुकसानीचा आकडा निघाला दोन अब्ज युरोंहून जास्त. ज्या बोगद्याच्या कामात हे घडलं, त्याचं मूळ कंत्राट होतं ३१ कोटी २० लाख युरोंचं. हिशेब कुठे चुकला, हे या दोन आकड्यांमधल्या तफावतीवरून बरंचसं कळतं.

जागा नेमकी कोणती

ऱ्हाइन नदीच्या उजव्या काठाने कार्ल्सरुहहून बासेलकडे जाणारी ही लाइन १८४०च्या दशकातली. ती बांधली बाडेनच्या संस्थानाने, आणि तीही १६०० मिलिमीटरच्या रुंद गेजवर. शेजाऱ्यांचे रूळ वेगळ्या मापाचे आहेत हे ध्यानात आल्यावर १८५४-५५ मध्ये सगळी लाइन उखडून प्रमाण गेजवर आणावी लागली. शेजाऱ्याच्या रुळांशी आपले रूळ जुळतात का, हा प्रश्न या खोऱ्याला तेव्हापासून चिकटलेला आहे. २०१७ मध्ये तो वेगळ्या रूपात पुन्हा वर आला, पण त्याकडे नंतर येऊ.

आज हा मार्ग रॉटरडॅम आणि अँटवर्प या बंदरांना स्वित्झर्लंडमार्गे उत्तर इटलीशी आणि जिनोआशी जोडतो. रोज २०० पर्यंत मालगाड्या, शिवाय आयसीई या जलद प्रवासी गाड्या आणि लोकल गाड्या. स्विस लोकांनी १९९४ च्या सार्वमतात ठरवलं की आल्प्स ओलांडून जाणारा परदेशी माल रस्त्यावरून नको, रेल्वेने जाऊ द्या. त्यासाठी त्यांनी ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बेस टनेल खोदला. १ जून २०१६ ला त्याचं उद्घाटन झालं, डिसेंबरपासून नियमित गाड्या सुरू झाल्या. जर्मनीने १९९६ च्या लुगानो करारात आपल्या बाजूने या बोगद्याकडे येणारी लाइन वाढवण्याचं कबूल केलं होतं. कार्ल्सरुह ते बासेल चार रूळ टाकायचं हे काम १९८७ पासून चालू होतं. स्विसांचा बोगदा वेळेत पूर्ण झाला आणि जर्मनांचे चार रूळ अजून तुकड्यातुकड्यांत होते. स्विस वर्तमानपत्रं यावर खवचटपणे लिहायची, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

रास्टाटच्या उत्तरेला कार्ल्सरुहकडून येणाऱ्या दोन वेगवेगळ्या डबल लाइन आहेत. रास्टाटच्या दक्षिणेला, शहर संपल्यावर, ओफेनबुर्गपर्यंत २००४ पासून चार रूळ आहेत. मधल्या शहराच्या तुकड्यात मात्र दोनच. म्हणजे दोन्ही बाजूंनी चार रुळांवरून आलेली वाहतूक काही किलोमीटर दोन रुळांत कोंबली जाते. ही अडचण सोडवायलाच शहराखालून ४२७० मीटर लांबीचा दोन नळ्यांचा बोगदा काढायचं ठरलं. जमीन खचली ती याच दोन रुळांच्या तुकड्यावर. जिथे पर्यायी रूळ नाहीत म्हणून बोगदा हवा होता, तिथेच बोगद्याने होते ते रूळही बंद पाडले.

चालत्या गाड्यांखालून खोदकाम

ऱ्हाइनच्या खोऱ्यातली माती म्हणजे वाळू आणि गोटे, आणि भूजल अगदी वर. अशा जमिनीत टनेल बोअरिंग मशीन, मुंबईकरांना मेट्रोमुळे ओळखीचं झालेलं टीबीएम, पुढे खोदत जातं आणि मागे काँक्रीटचे सेगमेंट जोडून रिंगा बसवत जातं. हर्रेनक्नेख्त कंपनीची दोन मशीन आणली होती. ही कंपनी याच खोऱ्यात, थोडं दक्षिणेला आहे. पूर्वेकडच्या नळीचं मशीन मे २०१६ मध्ये उत्तरेकडून निघालं. दुसरं मागून त्याच दिशेने येत होतं.

बोगद्याच्या दक्षिण टोकाजवळ नळी वर चढत येते आणि नीडरब्युलला चालू लाइनच्या खालून तिरकी जाते. तिथे रूळ आणि बोगद्याचं छत यांच्यामध्ये पाच मीटरहून कमी माती होती. बोगद्याचा स्वतःचा व्यास जवळपास अकरा मीटर. जेवढा व्यास तेवढी माती डोक्यावर असली तर काम निर्धास्त करता येतं, असा खोदकामवाल्यांचा ढोबळ हिशेब असतो. इथे ती निम्मीही नव्हती.

उपाय म्हणून जमीन गोठवायची ठरली. नळीच्या बाहेरच्या परिघावर जमिनीत आडवे पाइप घालायचे, त्यांतून उणे तीस अंशांच्या आसपास थंड केलेलं मिठाचं पाणी फिरवत राहायचं, म्हणजे ओल्या वाळूचं बर्फाचं कडं तयार होतं आणि त्याच्या आतून मशीन जातं. ही पद्धत जुनी, खाणकामात शंभराहून जास्त वर्षं वापरलेली आहे. पण इथे एक गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी होती. वरून गाड्या चालूच राहणार होत्या, दिवसरात्र, मालगाड्यांसकट.

हा निर्णय मला या प्रकरणाचा कणा वाटतो. खोदकामाच्या काळात रूळ बाजूला घेणं किंवा काही आठवड्यांचा ब्लॉक घेणं अशक्य नव्हतं. महाग होतं, कटकटीचं होतं आणि वेळापत्रक आधीच भरलेलं होतं. गोठवण्याच्या पद्धतीने ‘वाहतुकीला अजिबात त्रास नाही’ असं कागदावर लिहिता आलं. प्रकल्पाच्या फायलीत हा पर्याय स्वस्तच दिसणार, कारण लाइन बंद पडली तर मालगाडी कंपन्यांचं, कारखान्यांचं, इटलीतल्या गोदामांचं काय होईल याची ओळच त्या फायलीत नसते. जोखीम ज्यांच्या डोक्यावर होती, त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

१२ ऑगस्टला पूर्वेकडच्या नळीचं कटरहेड, म्हणजे मशीनचं माती कापणारं तोंड, रुळांखालून पलीकडे गेलेलं होतं. खचलं ते त्याच्या मागे, जिथे रिंगा बसून झाल्या होत्या. सेगमेंट सरकले, फटींतून पाणी आणि माती आत आली, वरची जमीन पोकळ झाली आणि रूळ खाली बसले. नेमकं का, यावर ठेकेदार आणि रेल्वे यांनी कोर्टात न जाता तज्ज्ञांकरवी पुरावे गोळा करून तडजोडीने मिटवायचं ठरवलं. बाहेरच्या माणसाला त्यातून एक ठाम, एका वाक्यातलं कारण मिळालं नाही, आणि मी इथे ते बनवून देणार नाही. तसंही ५१ दिवसांचा खुलासा त्या कारणात नाही. जमीन एका सकाळी खचली, पण पुढचे सात आठवडे गाड्या का अडून राहिल्या याचं उत्तर जमिनीखाली सापडत नाही.

मशीन गाडून टाकलं

अपघातानंतर पहिला प्रश्न होता, खड्डा वाढतोय का. नळीतून माती येतच राहिली असती तर वरचा भाग आणखी बसला असता. म्हणून आधी नळीत मागच्या बाजूला काँक्रीटचं बूच मारलं आणि मग पुढचा सगळा भाग भरून काढला. सुमारे १६० मीटर नळी, साधारण १०,५०० घनमीटर काँक्रीट. त्यात जवळजवळ नव्वद मीटर लांबीचं, कोट्यवधी युरो किमतीचं टीबीएमही गेलं. चार किलोमीटर खोदून शेवटच्या टप्प्यात आलेलं मशीन असं जागच्या जागी गाडायचं, हा निर्णय काही दिवसांत झाला. तो बरोबरच होता. मशीन वाचवायच्या नादाला लागले असते तर लाइन कधी उघडली असती कुणास ठाऊक.

वर खडी, रूळ आणि ओव्हरहेड वायर काढून शंभर मीटरहून जास्त लांबीचा जाड काँक्रीट स्लॅब टाकला, म्हणजे खाली काही हललं तरी रूळ स्लॅबवर टिकतील. त्यावर पुन्हा रूळ बसवले. लाइन उघडायची तारीख आधी ७ ऑक्टोबर जाहीर झाली होती, ती ओढून २ ऑक्टोबरवर आणली. काम म्हणून पाहिलं तर हे झपाट्याने झालं.

प्रवाशांची गैरसोय झाली, पण तिला लवकर वळण लागलं. रास्टाट आणि बाडेन-बाडेन यांच्यामध्ये बस लावल्या. उत्तरेकडच्या गाड्या रास्टाटला आणि दक्षिणेकडच्या बाडेन-बाडेनला उलट्या फिरवल्या. प्रवासाला तासभर जास्त लागायचा, बॅगा उचलून बसमध्ये चढावं लागायचं, लोक वैतागायचे. तरी माणूस स्वतःच्या पायाने गाडीतून उतरून बसमध्ये बसतो. कंटेनरला ते जमत नाही.

नकाशावरचे पर्याय

हे प्रकरण खरं उलगडतं ते इथे. युरोपचा रेल्वे नकाशा उघडा आणि रास्टाटवर बोट ठेवा. पश्चिमेला ऱ्हाइनपलीकडे फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग-बासेल लाइन समांतर जाते. पूर्वेला श्टुटगार्टहून झिंगेनकडे उतरणारी गॉयबान आहे. आणखी पूर्वेला ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंडीचा मार्ग. तीन-तीन पर्याय दिसतात. तरीही बंदीच्या काळात ज्या मालगाड्या धावायच्या होत्या त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश वळवता आल्या. बाकीच्या रद्द झाल्या किंवा वाटेत टर्मिनलवर अडकून पडल्या.

गॉयबान आधी घेऊ, कारण ती सबंध जर्मनीतच आहे. भाषा तीच, सिग्नल तेच, तारेतली वीजही तीच. पण हॉर्ब ते टुटलिंगेन हा तिचा मोठा भाग सिंगल लाइन आहे. पूर्वी तिथे डबल लाइन होती. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी भरपाई म्हणून दुसरा रूळ उखडून नेला, आणि सत्तर वर्षांत जर्मनीला तो परत टाकावासा वाटला नाही. सिंगल लाइनवर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला लूप लागतात, आणि जर्मनीत मुख्य मार्गांवर चालणारी ७४० मीटरची मालगाडी सगळ्याच लूपमध्ये मावत नाही. म्हणजे गाडी तोडून लहान करा, दोन इंजिनं लावा, दोन ड्रायव्हर शोधा. त्यात भर म्हणजे नेमक्या त्याच उन्हाळ्यात गॉयबानवर आधी ठरलेलं दुरुस्तीचं काम चालू होतं. मुख्य लाइनखालून बोगदा काढला जात असताना तिची पर्यायी लाइनही बंद ठेवायची, हे एकाच रेल्वेच्या दोन खात्यांनी आपापल्या टेबलावर मंजूर केलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

दक्षिण जर्मनीतले इतर तुकडेही असेच. उल्म ते फ्रीडरिक्सहाफेन या लाइनवर तेव्हा वीज नव्हती. ती २०२१ च्या शेवटी आली. बासेलहून ऱ्हाइनच्या काठाकाठाने शाफहाउझेनकडे जाणाऱ्या जर्मन लाइनवरही बऱ्याच भागात तार नव्हती. विजेवर धावणारं सगळं जाळं मेन लाइनभोवती विणलेलं, आणि बाजूच्या लाइन डिझेलवर. एरवी त्यात काही बिघडत नाही. मेन लाइन बंद पडली की त्या बाजूच्या लाइन नकाशावर असून नसल्यासारख्या होतात.

आता फ्रान्स. स्ट्रासबुर्ग-बासेल लाइन डबल आहे, विजेवर आहे, सपाट आहे. कागदावर याहून चांगला पर्याय नाही. तिथे पोचायचं कसं, हा पहिला प्रश्न. कार्ल्सरुहच्या बाजूने सगळ्यांत जवळची वाट म्हणजे वोर्थहून सीमेपलीकडे लाउटरबुर्ग आणि पुढे स्ट्रासबुर्ग. त्या तुकड्यावर तार नाही. म्हणजे डिझेल इंजिन हवं, आणि दोन्ही देशांत चालायची परवानगी असलेलं हवं. लांबून, झारब्र्युकेनच्या बाजूने गेलं तर तार आहे, पण फ्रान्सच्या तारेत २५ किलोव्होल्ट ५० हर्ट्झ आणि जर्मनी-स्वित्झर्लंडच्या तारेत १५ किलोव्होल्ट १६.७ हर्ट्झ. दोन्हीवर चालणारी इंजिनं असतात, मात्र या मार्गावरच्या कंपन्यांनी घेतलेली बहुतेक नवी इंजिनं जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली या चार देशांसाठी सज्ज केलेली. इटलीत तर ३ किलोव्होल्ट डीसी आहे, तेही त्यांना चालतं. म्हणजे हे इंजिन कोलोनहून निघून आल्प्स ओलांडून मिलानपर्यंत थेट जाईल, आणि रास्टाटहून काही किलोमीटरवर नदीपलीकडे असलेल्या फ्रान्समध्ये पाऊल टाकू शकणार नाही. फ्रेंच सिग्नल यंत्रणा त्यात नाही, फ्रेंच मंजुरी नाही. एकोणिसाव्या शतकातल्या गेजच्या भानगडीचंच हे आजचं रूप.

इंजिन मिळालं असं धरू. ड्रायव्हर? युरोपीय नियमाप्रमाणे ड्रायव्हरला ज्या देशाच्या रुळांवर गाडी चालवायची त्या देशाची भाषा बी१ पातळीपर्यंत, म्हणजे कामापुरतं नीट बोलता येण्याइतकी, यावी लागते. विमानतळावर सगळे इंग्रजीत बोलतात तसं रेल्वेत नाही. सिग्नल बंद पडला, दरड आली, कुणी रुळावर आलं, तर सिग्नल केबिनमधल्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलावं लागतं. मानहाइम ते बासेल चालवणाऱ्या जर्मन किंवा स्विस ड्रायव्हरला फ्रेंच येण्याचं कारणच नव्हतं. शिवाय मार्गाची ओळख लागते. आपल्याकडे लोको पायलट नव्या सेक्शनवर एकटा जाण्याआधी ‘लर्निंग रोड’च्या फेऱ्या करतो, तसंच तिकडेही आहे. फ्रेंच येणारे, मार्ग माहीत असलेले आणि ऑगस्टच्या सुट्टीत रिकामे असलेले ड्रायव्हर मोजकेच. जे होते ते पहिल्या काही दिवसांतच वाटून संपले. मग रूळ मोकळे, पण गाडी न्यायला माणूस नाही, अशी स्थिती आठवडेच्या आठवडे राहिली. मालवाहतूक कंपन्यांनी इंग्रजीत काम चालवू द्या, सोबत दुभाषा बसवू द्या, अशा मागण्या केल्या. सुरक्षेचा नियम आणीबाणीत ऐनवेळी सैल करायला कुठलीच यंत्रणा धजावणार नाही, आणि तिला दोषही देता येत नाही. असा नियम शांततेच्या दिवसांत बसून बदलायचा असतो.

ब्रेनरचा मार्ग उरला. तो आधीच भरलेला, लांबचा आणि चढाचा. तिथे काही गाड्या गेल्या. कंटेनरांचा काही भाग ऱ्हाइनवरच्या बार्जेसवर चढला आणि नदीने बासेल बंदरात पोचला. काही माल ट्रकवर गेला. म्हणजे स्विसांनी सार्वमत घेऊन, पंचवीस वर्षं खपून जो माल रस्त्यावरून रुळांवर आणला, त्यातला काही एका उन्हाळ्यात परत रस्त्यावर उतरला. एकदा ट्रकवाल्याकडे गेलेला ग्राहक लाइन उघडली म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

या सगळ्यात फोन कुणी कुणाला करायचा हेही ठरलेलं नव्हतं. जर्मन, फ्रेंच, स्विस आणि ऑस्ट्रियन रेल्वे आपापल्या हद्दीतला रस्ता, म्हणजे रुळांवरची वेळ, वाटून देणार. कंपनीने वळवलेल्या गाडीसाठी प्रत्येक देशाकडे वेगळा अर्ज करून वेळापत्रकात जागा मागायची. एका देशाने मंगळवार रात्रीची जागा दिली आणि पलीकडच्याने बुधवार दुपारची, तर गाडी सीमेवर उभी. ऱ्हाइन-आल्प्स कॉरिडॉरचं, म्हणजे या सबंध मालमार्गाचं, एक संयुक्त कार्यालय होतं, पण गाड्यांना रस्ता वाटायचे अधिकार त्याच्याकडे नव्हते. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मालवाहतूक क्षेत्रातल्या संघटना जर्मन वाहतूकमंत्र्यांना आणि ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, उघड पत्रं लिहू लागल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: रूळ दुरुस्त करणाऱ्यांचं ठीक चाललंय, पण गाड्या वळवायला वर कुणीच बसलेलं नाही.

पैसे कुणाचे गेले

एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासाने एकूण नुकसान २०४ कोटी ८० लाख युरोंच्या घरात मांडलं. त्यातले ९६ कोटी ९० लाख रेल्वे मालवाहतुकीच्या साखळीतल्या कंपन्यांचे आणि ७७ कोटी १० लाख माल पाठवणाऱ्या उद्योगांचे. हा अभ्यास नुकसान सोसलेल्यांच्याच संघटनांनी करवून घेतला होता, तेव्हा आकडा थोडा जपूनच घ्यावा. बुडालेला व्यवसाय मोजताना हात थोडा सैल सुटतोच. तो निम्मा धरला तरी बोगद्याच्या मूळ कंत्राटाच्या तिपटीहून जास्त होतो.

यातलं फार थोडं त्यांना भरून मिळण्यासारखं होतं. रेल्वे पायाभूत सुविधा चालवणारी कंपनी गाड्यांना रस्ता भाड्याने देते. रस्ता बंद झाला तर भाडं घेत नाही, पण तुमचा ग्राहक गेला, तुमचे दोनशे वॅगन सात आठवडे बाजूच्या लाइनवर उभे राहिले, कामगारांचे पगार चालूच होते, याची जबाबदारी सहसा तिच्यावर येत नाही. मालवाहतूक कंपन्यांचा नफा टक्का-दोन टक्क्यांचा असतो. त्यांच्यातल्या लहान कंपन्यांसाठी हे ५१ दिवस म्हणजे अनेक वर्षांची कमाई.

चालत्या गाड्यांखालून खोदण्याचा निर्णय घेताना हाच हिशेब बाहेर राहिला होता. महिनाभराचा ठरवून घेतलेला ब्लॉक आणि त्यासाठी वर्षभर आधी फ्रान्समार्गे लावलेली व्यवस्था यांचा खर्च कुणीतरी मांडला असता, तर तो मोठा दिसला असता, म्हणून बाजूला पडला असता. पण त्याच्या शेजारी ‘आणि नाही जमलं तर’ हा रकाना असता, तर कदाचित तो तितका मोठा वाटला नसता. मी ‘कदाचित’ म्हणतो, कारण गोठवलेल्या जमिनीतून अनेक बोगदे निर्धोक गेलेले आहेत, आणि इथेही गेला असता तर आज तोच निर्णय हुशारीचा म्हणून सांगितला गेला असता.

नंतर काय बदललं

२०१८ मध्ये युरोपातल्या रेल्वे पायाभूत कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय आपत्कालीन व्यवस्थापनाची पुस्तिका स्वीकारली. तीन दिवसांपेक्षा जास्त चालणारी आणि सीमेपलीकडे परिणाम करणारी बंदी आली, की एक कंपनी पुढारपण घेणार. प्रत्येक कॉरिडॉरने वळवण्याचे मार्ग आधीच लिहून ठेवायचे: कुठल्या मार्गावर तार आहे, किती लांबीची गाडी मावते, कुठली भाषा लागते. ही यादी २०१७ मध्ये कुणाकडेच एका जागी नव्हती हे वाचून मी चाट पडलो होतो. भाषेच्या अडचणीवर ठरावीक संदेशांचं भाषांतर करणारं साधन ड्रायव्हरच्या हाती देण्याचे प्रयोगही झाले. पूर्ण सुटका त्यातून झालेली नाही. फ्रेंच केबिनशी बोलायला आजही फ्रेंच लागतं.

बोगद्याचं काम मात्र रखडलं. मागून येणारं पश्चिमेकडचं मशीन रुळांच्या अलीकडे थांबवून ठेवलं होतं. ते २०२१ मध्ये पुन्हा चालू करून उरलेला भाग पुरा केला. पूर्वेकडच्या नळीत अडकलेलं मशीन आणि त्याभोवतीचं काँक्रीट काढायला वरून उघडा खड्डा खणावा लागला, आणि त्यासाठी चालू लाइनचे रूळ बाजूला घेतले गेले. जे आधी महाग आणि कटकटीचं म्हणून केलं नाही, तेच शेवटी केलं. बोगदा २०२२ मध्ये खुला व्हायचा होता. नंतरच्या वेळापत्रकात तारीख डिसेंबर २०२६ वर गेली. कार्ल्सरुह ते बासेल सगळीकडे चार रूळ व्हायला २०४० चं दशक उजाडेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये बोगद्याच्याच कामासाठी रास्टाट आणि बाडेन-बाडेन यांच्यामधली लाइन पुन्हा पूर्ण बंद केली गेली, ९ ते ३० तारखेपर्यंत. या वेळी तारखा खूप आधी जाहीर होत्या, कंपन्यांना तयारीला वेळ होता, प्रवाशांच्या बस आधीच ठरल्या होत्या, आणि फ्रान्समार्गे जाणाऱ्या मालगाड्यांची मांडणीही करून ठेवली होती. तीन आठवडे तक्रारी झाल्या, काही गाड्या रद्दही झाल्या, पण २०१७ सारखी टर्मिनलं तुंबली नाहीत. वोर्थ-लाउटरबुर्ग तुकड्यावर गाडी ओढायला मात्र या वेळीही डिझेल इंजिनच लागलं. तिथे अजून तार आलेली नव्हती.